ब्रोकोलीचा गड्डा कापायचा कधी?

परसबागेची प्रश्नोत्तरे

जानेवारी लागला की माझ्याकडे एकाच जातीचे फोटो येऊ लागतात. कुंडीत ब्रोकोली, मापाला शेजारी ठेवलेला मोबाइल नाहीतर चहाचा कप, आणि खाली दोन शब्द: "ताई, कापू?" फोटो नेमका वरून काढलेला असतो. ज्या कडेकडे बघून उत्तर द्यायचं, ती कड फोटोत नसतेच. म्हणून या वेळचं सदर सगळं ब्रोकोलीला दिलंय. मी नाशिकची. कृषी खात्यातून निवृत्त झाले तरी गच्चीवरच्या कुंड्या आणि दिंडोरी तालुक्यातलं भावाचं शेत यांत माझा हिवाळा जातो. तेव्हा जे लिहिते आहे ते कुंडीला आणि वावराला, दोन्हीकडे लागू पडेल असं बघितलंय.

प्रश्न: नोव्हेंबरच्या सुरुवातीला गच्चीवर बारा इंची कुंड्यांत ब्रोकोलीची रोपं लावली. दोन कुंड्यांत गड्डा धरलाय, चारेक इंच रुंद. पाकिटावर सत्तर दिवस लिहिलेत, ते उलटून गेले. शेजारचे काका म्हणतात, बाजारातल्याएवढा होऊ द्या, आणि तोवर पानं वर बांधून ठेवा. काय करावं? (कोथरूड, पुणे)

आधी ती पानं सोडा. बांधायची रीत फ्लॉवरची. फ्लॉवरचा गड्डा उन्हाने पिवळट पडतो म्हणून तो पानांखाली झाकतात. ब्रोकोलीला ऊन हवंच असतं. झाकलीत तर फिकी पडते, आणि आत ओल कोंडली की सडते.

पाकिटावरचे दिवस रोप लावल्यापासूनचे असतात, आणि तेही मोकळ्या वाफ्यात, दिवसभर उन्हात वाढलेल्या रोपाचे. तुमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली दुपारपर्यंत हटत नसेल, तर ते सत्तर दिवस तुमच्या रोपाला कसे कळणार? शिवाय जातीजातीत फरक आहे. लवकर येणाऱ्या संकरित जाती साठ ते सत्तर दिवसांत गड्डा देतात, तर पुसा केटीएस-१ सारखी जात तीन महिने आणि वर काही दिवस घेते. पाकिटावरचा आकडा एवढ्याच कामाचा की त्या सुमाराला रोज सकाळी कुंडीपाशी जायला लागावं.

बाजारातल्या मापाचंही तसंच. गड्डा केवढा होणार हे जात, मुळांना मिळालेली जागा आणि थंडी मिळून ठरवतात. शेतात दीड-दोन फुटांवर एक रोप असतं, म्हणून तिथे पाव किलोपासून अर्धा किलोपर्यंत गड्डा भरतो. बारा इंची कुंडीत दीडशे-दोनशे ग्रॅम भरला तर तो पुरा भरला असं समजा. काकांच्या सांगण्यावरून तुम्ही आणखी आठवडा थांबलात तर गड्डा रुंद होईल, यात शंका नाही. पण ते वाढणं नव्हे, गड्डा फुटायला लागलेला असेल.

आपण खातो तो भाग म्हणजे न उमललेल्या कळ्या. फ्लॉवरमध्ये आपण जो पांढरा भाग खातो त्यात अजून धड कळ्याही झालेल्या नसतात, म्हणून तिथे दोन-चार दिवस इकडेतिकडे चालून जातात. ब्रोकोलीतल्या कळ्या पुऱ्या तयार असतात, त्यांना फक्त उमलायचं बाकी असतं. त्यामुळे रुंदी मोजण्यापेक्षा कळी बघायची.

सकाळी ऊन चढायच्या आत कुंडीपाशी बसा. उभ्याने दिसत नाही. गड्ड्याच्या मधोमध बघू नका, कडेचे तुरे बघा, कारण सगळ्यात आधी फुगतात त्या कडेच्या कळ्या. गड्डा नुकता धरतो तेव्हा कळ्या खसखशीएवढ्या असतात. त्या राईएवढ्या झाल्या, घट्ट मिटलेल्या आहेत आणि सगळ्या साधारण एकसारख्या दिसतात, की काढणीची वेळ आली. कडेच्या कळ्या मोहरीच्या टपोऱ्या दाण्याएवढ्या झाल्या आणि मधल्या अजून बारीक आहेत, असं दिसलं तर मधल्यांसाठी थांबू नका, त्याच दिवशी कापा. आणि कुठल्याही कळीच्या टोकाला पिवळी रेघ दिसली, तर चहा नंतर प्या.

मग बोट लावा. गड्ड्यावर अंगठ्याने हलकेच दाबलं तर तो दबता कामा नये. कडेचे दोन तुरे बोटांनी जरा विलग करून बघा. ते एकमेकांना चिकटून बसलेले असतील तर एखाददोन दिवस मिळू शकतात. तुऱ्यांमध्ये फट पडून खालचे हिरवे देठ दिसायला लागले असतील तर गड्डा सुटायला लागला.

रंगाने फसू नका, हे मुद्दाम सांगते. तयार गड्ड्यावर निळसर झाक आणि बोटाने पुसली जाणारी मेणासारखी साय असते. तो रंग फिका, पोपटीकडे जायला लागला की उशीर होतोय. पण कधी कधी एकाच बाजूला पिवळट चट्टा दिसतो आणि लोक घाबरून पाच दिवस आधीच सुरी चालवतात. तिथे एखादं पान गड्ड्यावर टेकलेलं होतं का बघा. ऊन न लागल्याने पडलेल्या चट्ट्यातल्या कळ्या मिटलेल्याच असतात. पान बाजूला करा आणि गड्ड्याला वेळ द्या. पिवळा रंग कळीच्या टोकातून बाहेर डोकावतोय की कळीची सालच फिकी आहे, एवढा फरक जवळून बघितला की कळतो. आमच्या वयाच्यांनी भिंग घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुमच्या दोन्ही गड्ड्यांचा जो फोटो पाठवलात त्यात नशिबाने एक कड दिसते आहे. डावीकडचा कापायला झालाय. उजवीकडच्याला तीन-चार दिवस द्या, पण रोज बघा.

प्रश्न: चार दिवस गावाला गेलो होतो. निघताना गड्डा घट्ट होता, परत आलो तर वर पिवळी फुलं! आता टाकूनच द्यायचं का? आणि चार दिवसांत असं होतंच कसं? (डोंबिवली)

उन्हामुळे होतं. ब्रोकोली अठरा ते तेवीस अंश तापमानात खूश असते. आमच्याकडे निफाडच्या थंडीत तयार गड्डा रोपावर पाच-सहा दिवस तग धरतो. डोंबिवलीत दुपारी पारा तिशीच्या पुढे गेला, त्यात तुमची बाल्कनी पश्चिमेची आणि मागे तापलेली भिंत, तर दोन दिवसही पुष्कळ झाले. मुंबई-ठाण्याकडच्या मंडळींनी गड्डा धरल्यावर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बघायचं, आणि गावाला जायचं असेल तर निघण्याच्या सकाळी कापून फ्रिजमध्ये टाकून जायचं. लहान का असेना, हातचा गड्डा हाताशी राहतो.

फुलं विषारी नाहीत, खाता येतात. चार पाकळ्यांची, मोहरीच्या फुलांसारखीच दिसतील, कारण कुळ तेच. थोडीच उमलली असतील तर तेवढी खुडून बाकीच्याची भाजी करा. चव जरा उग्र, देठ जरा चिवट, पण लसणाच्या फोडणीत निभावून जातं. सगळाच गड्डा पिवळा झाला असेल तर वरचा भाग मधमाश्यांसाठी आठवडाभर राहू द्या. तुमच्या बाल्कनीतल्या बाकीच्या रोपांचा त्यात फायदाच आहे.

प्रश्न: अडीच महिने झाले, पानं हातभर झालीत, पण गड्ड्याचा पत्ता नाही. काही रोपांना मात्र रुपयाएवढा गड्डा येऊन तिथेच थांबलाय. खत भरपूर घालते. (नागपूर)

"खत भरपूर घालते" यातच पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. कुठलं खत? दर आठवड्याला युरियाचं पाणी किंवा ताजं शेण चालू असेल तर रोप पानंच काढत बसतं. नत्र आता थांबवा. कुंडीत चमचाभर लाकडाची राख मिसळा, पण रोज नाही, आणि पाणी नेमाने द्या. उरलेलं अर्धं उत्तर जातीत असू शकतं. पाकीट शोधून काढा. उशिराची जात असेल तर नागपूरच्या थंडीत फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आशा धरायला हरकत नाही. शेंड्याची कोवळी पानं आतल्या आत वळायला लागली की समजा, मध्ये गड्डा बसतोय. तो दिसायला लागल्यापासून काढणीपर्यंत थंडीच्या मानाने दहा दिवस ते तीन आठवडे जातात.

रुपयाएवढ्या गड्ड्यांचं दुखणं वेगळं. ती रोपं लहानपणी अडली. नर्सरीच्या ट्रेमध्ये दीड-दोन महिने पडून राहिलेलं, मुळं गोळा झालेलं रोप आणलं की असं होतं. मध्ये पाण्याचा ताण पडला तरी होतं. रोप चार-पाच पानांचं, पंचवीस-तीस दिवसांचं असताना लावायचं, विकत घेताना खालून मुळं बघायची. असा बटणाएवढा गड्डा पुढे मोठा होत नाही. वाट बघत बसू नका, कापा. कापल्यावर बगलेतून फुटवे येतात, त्यातून काहीतरी हाती लागेल.

प्रश्न: गड्डा कापल्यावर झाड उपटायचं ना? (कोल्हापूर)

अजिबात नाही! एवढ्या घाईने उपटायला झाडाने काय पाप केलंय?

मधला गड्डा काढला की पानांच्या बगलेतून फुटवे निघतात आणि प्रत्येकाला लहान लहान तुरे येतात. जातीवर अवलंबून आहे, पण थंडी असेतो चार-सहा आठवडे भाजी मिळत राहते. माझ्या मते घरच्या ब्रोकोलीची खरी कमाई हीच. मोठा गड्डा एका जेवणात संपतो.

त्यासाठी कापायची पद्धत सांभाळा. धारदार सुरी घ्या, पिरगळून तोडू नका. गड्ड्याखाली पाच-सहा इंच देठ ठेवून कापा आणि काप तिरका द्या. सपाट कापलं की राहिलेल्या दांड्यावर दव आणि पाणी साचतं, आणि दांडा वरून आत कुजत जातो. कापताना पानं ओरबाडू नका, पुढच्या तुऱ्यांना पोसणार आहेत ती पानंच. कापल्यावर मूठभर गांडूळखत, वर भरपूर पाणी. पाणी मुळाशी द्या, डोक्यावरून नको.

तुरे काढताना मोठ्या गड्ड्यासारखीच परीक्षा, फक्त घाई जास्त. अंगठ्याएवढे झाले की खुडायचे. दोन-तीन दिवसांनी फेरी हवीच, कारण एक तुरा फुलला की झाडाचं लक्ष बी धरण्याकडे जातं आणि नवे फुटवे मंदावतात.

प्रश्न: दहा गुंठ्यांत पहिल्यांदाच ब्रोकोली केली आहे. गड्डे चांगले भरलेत, पण कापल्यावर दांडा आतून पोकळ निघतो, कुठे तपकिरी. व्यापारी बाजूला काढतो. शिवाय सगळा माल एकदम तयार होत नाही, मजूर रोज आणणं परवडत नाही. (वाई तालुका)

दांडा पोकळ होण्याची कारणं दोन. एक, बोरॉनची कमतरता, तेव्हा पोकळीच्या कडा तपकिरी दिसतात. दुसरं, नत्र जास्त होऊन रोप एकदम सुसाट वाढलेलं असतं, तेव्हा पोकळी असते पण आतून पांढरी-हिरवी, स्वच्छ. तुम्ही दोन्ही लिहिलंत, म्हणजे थोडं थोडं दोन्ही असावं. या हंगामात आता गड्ड्याला औषध नाही. पुढच्या वेळी लावणीआधी माती तपासून घ्या. कमतरता निघाली तर फ्लॉवरला देतात त्याच मात्रेत, एकरी चार-पाच किलो बोरॅक्स, म्हणजे तुमच्या दहा गुंठ्यांना किलो-सव्वा किलो, शेणखतात नीट कालवून टाका. "थोडं जास्त टाकू, बिघडतंय काय" हे बोरॉनच्या बाबतीत चालत नाही. गरजेची आणि घातक मात्रा फार जवळजवळ आहेत. नत्राचा हप्ता दोन-तीनदा विभागून द्या आणि रोपांमधलं अंतर फार वाढवू नका.

माल एकदम न येणं हा ब्रोकोलीचा स्वभाव आहे, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. एका प्लॉटमधून तीन-चार वेळा फिरावं लागतं. मजुरीचा हिशेब आधीच धरायला हवा. माझा भाऊ आदल्या संध्याकाळी प्लॉटमधून एकटाच फिरतो आणि तयार गड्ड्याशेजारचं एक पान मोडून ठेवतो. सकाळी कापणाऱ्या बायकांना शोधत बसावं लागत नाही, मोडलेलं पान दिसलं की विळा. काम निम्म्या वेळात उरकतं, आणि कुणी "मोठा दिसला म्हणून कापला" असंही होत नाही.

बाजारासाठी घरच्यापेक्षा एक पाऊल आधी कापा. वाशी किंवा पुण्याच्या बाजारात पोचेपर्यंत गड्डा कापलेल्या अवस्थेतही श्वास घेत असतो, आणि ब्रोकोलीचा श्वास फार जोरात चालतो. सकाळी सातला कापलेला आणि सावलीत ठेवलेला क्रेट, आणि अकराला उन्हात कापून टेम्पोत तसाच रचलेला क्रेट, यांत दुसऱ्या दिवशीच्या भावात फरक पडतो. ढगाळ हवा, धुकं, अवकाळीची चिन्हं असतील तर तयार गड्डे आधी काढून घ्या. मधे खोलगट असलेल्या गड्ड्यात पाणी बसलं की दोन दिवसांत काळे ओले डाग पडतात, आणि तो डाग पुसता येत नाही.

प्रश्न: गोव्यात ब्रोकोली होते का? गड्डा येतो पण सैल, मधूनच पानं डोकावतात. (म्हापसा)

होते, पण हट्टाने करावी लागते. सैल गड्डा, त्यातून डोकावणारी पानं, एक कळी मोठी एक बारीक, ही तिन्ही उष्णतेची लक्षणं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रोप लावून गड्डा जानेवारीतच धरेल असं बसवा, उष्णता सोसणारी संकरित जात निवडा, दुपारच्या उन्हाला जाळीची सावली द्या. आणि घट्ट होण्याची वाट बघू नका. सैल गड्डा घट्ट होत नसतो. कळ्या मिटलेल्या आहेत तोवर लहानच कापा. पानंही खाण्यासारखी असतात. खरं सांगू? तुमच्या जागी मी असते तर दोनच कुंड्या हौसेच्या ठेवल्या असत्या आणि बाकी जागेत तांबडी भाजी लावली असती.

प्रश्न: कापलेल्या गड्ड्यातून हिरव्या अळ्या निघाल्या, घरात आरडाओरडा झाला. (सोलापूर)

झाला असणारच! अळीचा आणि कळीचा रंग एक, त्यामुळे वरून दिसत नाही. गड्डा उलटा करून कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. अळ्या सुटून तळाशी किंवा वर येतात. मग तुरे सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवा. मावा असेल तर दोनदा.

रोपावर असताना पानांच्या मागच्या बाजूला बघायची सवय ठेवा. लहान छिद्रं, पातळ पापुद्रे दिसले की पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. गड्डा धरल्यावर मात्र फवारे बंद, नंतर हातानेच वेचा. शेतात मोहरीच्या ओळी मध्ये लावतात. या अळ्यांचा पतंग तिकडे ओढला जातो आणि अंडी मोहरीवर घालतो. गच्चीवरही कोपऱ्यात मोहरीची एक कुंडी ठेवून बघा.

प्रश्न: इथे ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपांना आता ऑक्टोबरअखेर गड्डे आलेत, पण लहान आहेत. पहिला फ्रॉस्ट या आठवड्यात सांगितलाय. आधीच कापून टाकू? पत्र छापून येईपर्यंत उशीर होईल, तरी पुढच्या वर्षासाठी विचारते. (एडिसन, न्यू जर्सी)

तुम्हाला फोनवर कळवलं होतं, इतरांसाठी लिहिते. हलक्या फ्रॉस्टला ब्रोकोली भीत नाही. उलट थंडीत रोप साखर साठवतं आणि गड्डा गोडसर लागतो. तेव्हा कळ्या लहान असतील तर राहू द्या. रात्री जुनी चादर टाका. सकाळी गड्डा गोठलेला दिसला तर त्याला हात लावू नका. ऊन येऊन तो मोकळा झाल्यावर कापा, गोठलेला कापला तर मऊ पडतो. हवामानखात्याने रात्रभर कडक गोठवणारी थंडी सांगितली असेल तर मात्र लहान-मोठं न बघता काढून घ्या.

तुमच्याकडे वसंतातल्या लागवडीचीच खरी परीक्षा असते. एप्रिलमध्ये लावलेलं रोप जूनमध्ये गड्डा देतं आणि तेव्हाच तुमचा उन्हाळा चढतो. तो गड्डा डोंबिवलीसारखा सांभाळायचा.

प्रश्न: कापल्यावर किती दिवस टिकते? आमची फ्रिजमध्येही पिवळी पडली. दांडा कचऱ्यात जातो, तोही वापरता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

फ्रिजमध्ये शेजारी काय होतं? केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो असतील तर त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने ब्रोकोली झपाट्याने पिवळी होते. वेगळ्या कप्प्यात, भोकं पाडलेल्या पिशवीत, न धुता ठेवा. चार-पाच दिवस छान राहते. बाहेर ओट्यावर ठेवलीत तर दोन दिवसांतच रंग उतरतो.

हे भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. सिसिलीहून अमेरिकेत गेलेल्या डी'ॲरिगो बंधूंनी १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात सॅन होजेला ब्रोकोली पिकवली आणि ती पार बॉस्टनला पाठवली. थंड ठेवल्याशिवाय हा माल तिथे पोचणं शक्यच नव्हतं. अजूनही बर्फ भरलेल्या खोक्यांतून ती फिरते.

एकदम जास्त निघाली तर तुरे सुटे करून उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून डबाबंद, फ्रीझरमध्ये. रंग टिकतो.

दांडा टाकू नका हो! वरची जाड साल सोलली की आत नवलकोलासारखा कुरकुरीत गर असतो, आणि का नसावा, दोघं सख्खी भावंडं. किसून कोशिंबीर करा आणि तिला फेसलेली मोहरी लावा. कच्च्या मोहरीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ब्रोकोली शिजवताना तिच्यातलं हेच विकर मरतं, आणि गुणकारी द्रव्य तयार होणं थांबतं. शिजवलेल्या ब्रोकोलीवरही फेसलेली मोहरी घातलीत तर ती ते काम पुन्हा सुरू करून देते. फोडणीतल्या तडतडलेल्या मोहरीने ते होत नाही, ती फेसलेलीच हवी. आपल्या आज्यांना विकराचं नाव माहीत नव्हतं, पण कोशिंबिरीला मोहरी फेसून लावायची हे माहीत होतं.

प्रश्न: नातू ब्रोकोली बघून तोंड फिरवतो. घरची आहे म्हटलं तरी नाही. (सांगली)

त्याला सांगा, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी १९९० मध्ये जाहीर केलं होतं की आईने लहानपणी खायला लावली, आता राष्ट्राध्यक्ष झालोय, आता खाणार नाही. नातवाला सोबत चांगली आहे.

पण शिजवता किती ते बघा. पाच-सात मिनिटांपुढे गेली की गंधकाचा वास सुटतो आणि मुलांचं नाक वाकडं होतं, ते बरोबरच असतं. उशिरा काढलेला, उन्हात तापलेला गड्डा कडवटही लागतो. सकाळी वेळेत कापलेला गड्डा, वाफ तीनच मिनिटं, वर तूप-जिरं-मीठ. आणि पुढच्या वेळी सुरी मोठ्यांनी धरायची, पण कड बघून "आज" की "उद्या" ते नातवाला ठरवू द्या.

प्रश्न: ब्रोकोली म्हणून रोप आणलं, गड्डा जांभळा आलाय. रोग आहे का? तयार झाला हे कसं ओळखू? (जळगाव)

रोग नाही. पालम विचित्रासारख्या काही जाती जांभळ्याच असतात. पालम कांचनचा गड्डा तर पिवळसर हिरवा असतो, तिथे रंग बघून कापाल तर फसाल. परीक्षा तीच, कडेच्या कळ्या. शिजवल्यावर जांभळा रंग पाण्यात उतरून ती हिरवी होते, तेव्हा पाहुण्यांना रंग दाखवायचा असेल तर कच्चीच वाढा. नेहमी हिरव्या येणाऱ्या जातीवर कडाक्याच्या थंडीत जांभळी झाक आली तर तीही निरुपद्रवी.

प्रश्न: फुटवे अजून येताहेत, पण पेन्सिलीएवढे बारीक आणि दोन दिवसांत फुलतात. झाडं ठेवू का काढू? (बारामती)

फेब्रुवारी संपत आला की काढा. दुपार तेहेतीस-चौतीसला पोचल्यावर त्या झाडातून खाण्याजोगं काही निघत नाही आणि मावा मात्र जमतो, तो शेजारच्या मिरचीवर जातो. कोवळी पानं आधी खुडून घ्या, बारीक चिरून डाळीत घाला. दांडे तुकडे करून कंपोस्टमध्ये, मुळाशी गाठी दिसल्या तर मात्र कंपोस्टमध्ये नको.

त्याच मातीत लगेच कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी काही लावू नका. माती दोन दिवस उन्हात पसरा, निंबोळी पेंड मिसळा आणि भेंडी टोका. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत भेंडी सुरू होईल, आणि तेव्हा "ताई, ही भेंडी निबर झाली का?" असे फोटो येतील. त्यांच्यासाठी एप्रिलचा अंक राखून ठेवलाय. फोटो पाठवताना भेंडीचं टोक मोडून दाखवा, चहाचा कप नको.